नोंद ठेवा, पहारा नको

नोंद ठेवायची सवय मराठी घराला नवी नाही. दूधवाला कोणत्या दिवशी आला नाही, गॅसचा सिलिंडर कधी लावला, कामाच्या बाईंचे खाडे किती झाले, हे सगळं स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या चौकोनात लिहिलेलं असतं. महिनाअखेरीला हिशेबाला बसलं, की आठवणीवर विसंबावं लागत नाही. आज मला सांगायचं आहे ते अशाच एका हिशेबाबद्दल. फरक इतकाच, की हा हिशेब दुधाचा नाही, भीतीचा आहे.

काही माणसांना एकाएकी, वरवर पाहता काहीही कारण नसताना, छातीत धडधडायला लागतं. दरदरून घाम सुटतो, हातापायांना मुंग्या येतात, घसा आवळल्यासारखा होतो, श्वास पुरत नाही, घेरी येईलसं वाटतं. कधी कधी तर माणूस गाढ झोपेतून असा दचकून उठतो. मनात एकच विचार उभा राहतो : आता माझं काही खरं नाही. घरचे रिक्षात घालून दवाखान्यात नेतात. ईसीजी काढतात, तो नॉर्मल येतो. ‘काही नाही, गॅस झाला असेल, टेन्शन घेऊ नका’, असं सांगून घरी पाठवलं जातं. पण टेन्शन न घेणं ही काही हातावर ठेवता येणारी गोळी नाही. माणूस घरी येतो तो दोन प्रश्न घेऊन. काहीच नाही, तर मग हे झालं काय? आणि पुन्हा झालं तर?

या प्रकाराला पॅनिक अटॅक, म्हणजे घबराटीचा झटका म्हणतात. मानसोपचारतज्ज्ञ वापरतात त्या अमेरिकन वर्गीकरणात याची १३ लक्षणं दिली आहेत. त्यांतली किमान ४ एकदम उसळली आणि काही मिनिटांत शिगेला पोहोचली, तर तो झटका समजतात. एखाद-दुसरा झटका अनेकांना आयुष्यात येऊन जातो, तो आजार नव्हे. पण झटके अचानक आणि पुन्हा पुन्हा येऊ लागले, आणि ‘पुढचा कधी येईल’ या धास्तीने माणसाचं वागणंच महिना महिना बदललं, तर त्याला विकार म्हणायचं. या विकाराला त्या वर्गीकरणात स्वतंत्र नाव मिळालं ते १९८० साली. त्रास मात्र जुना आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धात सैनिकांच्या छातीत दुखायचं, धडधडायचं, पण हृदयात दोष सापडायचा नाही. जेकब दा कोस्टा या डॉक्टरांनी १८७१ साली अशा सैनिकांबद्दल लिहिलं आणि या अवस्थेला ‘चिडखोर हृदय’ अशा अर्थाचं नाव दिलं. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीही तक्रार छातीची होती आणि डॉक्टर कोड्यात पडले होते.

मग हे होतं तरी काय? संकट दिसलं, की शरीर पळण्याची किंवा झुंजण्याची तयारी करतं. वॉल्टर कॅनन या शास्त्रज्ञाने १९१५ साली हे सविस्तर मांडलं. ॲड्रिनलिन रक्तात उतरतं, हृदय जोरात चालतं, स्नायूंकडे रक्त वळतं, घाम येतो, श्वास भरभर होतो. समोर साप असेल तर हे सगळं उपयोगाचं. झटक्यात साप नसतो, पण तयारी तीच असते. भरभर श्वास घेतल्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. त्याने मेंदूकडच्या रक्तवाहिन्या थोड्या आकसतात आणि डोकं हलकं होतं. बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात त्याही यामुळेच. गंमत अशी, की श्वास कमी पडतोय असं वाटत असतं तेव्हा तो प्रत्यक्षात जास्त घेतला जात असतो. घेरी आल्यासारखं वाटतं, पण शुद्ध सहसा हरपत नाही. बेशुद्ध पडायला रक्तदाब एकदम खाली यावा लागतो, आणि अशा भीतीत तो उलट वाढतो. रक्त किंवा इंजेक्शन पाहून ज्यांना भोवळ येते, त्यांची गोष्ट वेगळी.

आता खरी मेख. धडधड झाली, की मन तिचा अर्थ लावतं : हा हार्ट अटॅक आहे. या अर्थाने भीती वाढते, भीतीने धडधड वाढते, आणि वाढलेली धडधड हा त्या अर्थाचा पुरावा ठरतो. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तो असा. डेव्हिड क्लार्क या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९८६ साली हे चक्र नीट मांडलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की शरीरातल्या साध्या बदलांचा भयंकर अर्थ लावणं, हे या विकाराचं मूळ आहे. लक्षणं खोटी नसतात, ती पूर्ण खरी असतात. चुकतो तो त्यांचा अर्थ.

आणि हा चुकलेला अर्थ माणसाचं आयुष्य हळूहळू आखूड करतो. समजा, डोंबिवलीच्या एक बाई आहेत, रोज जलद लोकलने मुंबईला नोकरीला जाणाऱ्या. एकदा ठाणं सोडल्यावर, गर्दीत, त्यांना झटका येतो. मधली स्टेशनं न घेता गाडी सुसाट चाललेली, उतरायची सोय नाही. दुसऱ्या दिवसापासून त्या धीमी लोकल पकडू लागतात, कारण ती प्रत्येक स्टेशनावर थांबते. मग दाराजवळच उभं राहायचं. मग पर्समध्ये पाण्याची बाटली आणि एक गोळी हवीच. मग सोबत मैत्रीण हवी. मग रजा. प्रत्येक पावलाला तेवढ्यापुरतं हायसं वाटतं, आणि प्रत्येक पावलागणिक जग थोडं लहान होतं. गाडीत काहीच झालं नाही, तरी त्याचं श्रेय त्या दाराला, बाटलीला आणि गोळीला देतात. ‘तसंही काही झालंच नसतं’, हे कळायला वावच उरत नाही.

इथे वही कामाला येते. लक्षणांची वही ही काही मनाच्या आजारापुरती टूम नाही. हृदयाचे डॉक्टर ती केव्हाच वापरतात. होल्टर नावाची तपासणी करतात, तेव्हा छातीला यंत्र लावून चोवीस तास किंवा त्याहून जास्त वेळ हृदयाचे ठोके नोंदवतात आणि रुग्णाच्या हातात एक कागद देतात. किती वाजता धडधडलं, तेव्हा काय करत होता, ते लिहा म्हणतात. नंतर यंत्रातली वेळ आणि कागदावरची वेळ ताडून पाहतात. कागदाशिवाय यंत्राची पट्टी निम्मी मुकी असते. भीतीच्या उपचारातही हाच न्याय आहे. ॲरन बेक यांनी रूढ केलेल्या कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपीत, म्हणजे विचार आणि वर्तन तपासून बदलण्याच्या पद्धतीत, अशी नोंद हे एक मूळ हत्यार आहे.

आठवण पुरेशी नाही का, असं कुणी विचारेल. नाही. घाबरलेल्या मनाची आठवण तिखट-मीठ लावून बोलते. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रुग्णांनी झटक्याच्या वेळच्या नोंदी ठेवल्या होत्या. त्या आणि त्यांनी आठवून केलेलं वर्णन शेजारी ठेवून पाहिलं, तर आठवणीतले झटके नोंदींपेक्षा जास्त तीव्र निघाले. हे खोटं बोलणं नव्हे. सर्वांत वाईट झटका लक्षात राहतो आणि बाकीचे त्याच्याच मापाने मोजले जातात. आणि पुढच्या झटक्याची धास्ती पोसली जाते ती या आठवणीवर.

वही साधी चालेल, शंभर पानी. आडवं पान घेऊन सहा रकाने आखावेत. पहिला, तारीख, वेळ आणि ठिकाण. दुसरा, त्याआधी काय चाललं होतं : जेवण, चहा, झोप, भांडण, जिना चढणं, पाळीची तारीख. तिसरा, शरीरात काय झालं. चौथा, त्या वेळी मनाने काय भाकीत केलं, अगदी त्याच शब्दांत. त्याच्याच पुढे भीतीला शून्य ते दहा गुण. पाचवा, आपण काय केलं : उतरलो, पाणी प्यायलो, गोळी घेतली, की काहीच न करता तसेच बसून राहिलो. सहावा, प्रत्यक्षात काय घडलं आणि किती मिनिटांत ओसरलं.

चौथा आणि सहावा रकाना हा या वहीचा प्राण आहे. नुसती लक्षणं लिहिली, तर ती दुखण्याची यादी होते. भाकीत आणि निकाल शेजारी शेजारी आले, की तो पुरावा होतो. आपल्या डोंबिवलीच्या बाईंचंच पान पाहू. ‘मंगळवार, सकाळी पावणेनऊ, ठाण्यानंतर. रात्री उशिरा झोप, सकाळी नुसता चहा. धडधड, हात गार. वाटलं, चक्कर येऊन दारातून पडेन. भीती नऊ. दांडी घट्ट धरून उभी राहिले. पडले नाही. बारा मिनिटांत कमी झालं.’ अशा एका नोंदीने मन वळत नाही. पण तीन आठवड्यांत ‘पडेन’ हे भाकीत अकरा वेळा लिहिलेलं आहे आणि एकदाही खरं ठरलेलं नाही, हे स्वतःच्याच अक्षरात दिसतं, तेव्हा त्याला वजन येतं. दुसऱ्याने दिलेला धीर संध्याकाळपर्यंत टिकत नाही. स्वतः मांडलेला हिशेब टिकतो.

आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी म्हणा, वही उघडून तीनच गोष्टी मोजाव्यात. झटके किती आले? भाकितं किती खरी ठरली? कोणती गोष्ट पुन्हा पुन्हा आधी घडलेली दिसते? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कधी अगदी घरगुती निघतं. रिकाम्या पोटी तीन कप कडक चहा, जागरण, उपवासाच्या दिवशी टाळलेलं जेवण, सर्दीचं एखादं औषध, दम्याचा पंप, यांनीही धडधड होऊ शकते. कधी कारण सापडत नाही, तेही चालतं. झटका कशाने आला हे कळणं सोयीचं असतं, पण तो येतो आणि जातो हे कळणं जास्त महत्त्वाचं.

या वहीतूनच परतीचा रस्ताही आखता येतो. टाळलेल्या गोष्टी भीतीच्या गुणांप्रमाणे खालपासून वर लिहायच्या. धीम्या लोकलने एक स्टेशन एकटीने जाणं, तीन गुण. गर्दी नसताना जलद लोकल, पाच गुण. सकाळची जलद लोकल, नऊ गुण. तिनापासून सुरुवात करायची, भीती आपोआप उतरेपर्यंत तिथेच थांबायचं, आणि ती पायरी अंगवळणी पडली की वरची घ्यायची. हे उपचारकाच्या देखरेखीखाली केलं तर उत्तम.

आता सावधगिरीची गोष्ट, कारण हीच वही उलटूही शकते. नोंद ठेवणं वेगळं आणि शरीरावर पहारा देणं वेगळं. काही माणसं दर पंधरा मिनिटांनी नाडी पाहतात, दिवसातून दहा वेळा रक्तदाब मोजतात. २०२०-२१च्या कोविड काळात घराघरांत ऑक्सिमीटर आले, ते अनेकांच्या उशाशी राहून गेले. आता तर मनगटावरचं घड्याळही ठोके सांगतं. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पॅनिकच्या रुग्णांना त्यांचे हृदयाचे ठोके ऐकवत असल्याचं भासवलं आणि मध्येच ते एकदम वाढल्याचा खोटा आवाज सोडला. रुग्ण घाबरले, आणि मग त्यांचे खरे ठोके आणि रक्तदाबही वाढला. ज्यांना हा विकार नव्हता, त्यांच्यावर असा परिणाम झाला नाही. म्हणजे ठोक्यांवर कान लावून बसणाऱ्याला ठोकेच घाबरवतात. सतत मोजत राहणं म्हणजे पुढच्या झटक्याला आवतण देणं.

म्हणून काही पथ्यं पाळावीत. झटका चालू असताना वही उघडू नये. तेव्हा फक्त श्वास हळूहळू, लांबवर सोडत राहावा आणि लाट ओसरू द्यावी. जुन्या काळी कागदी पिशवीत श्वास घ्यायला सांगत, ते करू नये. त्रास खरोखर हृदयाचा किंवा दम्याचा असेल, तर ते धोक्याचं ठरतं. झटका ओसरल्यावर, शक्य तितक्या लवकर, पाच मिनिटांत नोंद करावी आणि वही मिटावी. आकड्यांत नाडी-रक्तदाब लिहू नयेत, डॉक्टरांनी सांगितलं असेल तेवढेच मोजावेत. ज्या दिवशी झटका आला नाही, तो दिवसही लिहावा, नाही तर वहीत फक्त वाईटच दिवस दिसतात. आणि मुदत ठरवावी. महिनाभर लिहावं, मग उपचारकाला दाखवून पुढचं ठरवावं. लिहिल्याने धास्ती दिवसेंदिवस वाढतेय असं जाणवलं, तर लिहिणं थांबवून आधी त्याबद्दलच बोलावं. लिहिता येत नसेल, त्यांनी फोनवर चार वाक्यं बोलून ठेवावीत किंवा विश्वासातल्या माणसाकडून लिहून घ्यावीत.

काहींना झटके येत नाहीत, पण दिवसभर काळजीची भुणभुण असते. मुलाची परीक्षा, कर्जाचा हप्ता, आईची तब्येत, एक संपत नाही तोवर दुसरी. त्यांच्यासाठी थॉमस बोर्कोव्हेक आणि सहकाऱ्यांनी १९८३ साली एक युक्ती तपासून पाहिली. काळजीसाठी रोज अर्धा तास आणि एक जागा ठरवून द्यायची. इतर वेळी काळजी आली, की तिला सांगायचं, ‘संध्याकाळी सहाला ये’, आणि हातातलं काम पुढे चालू ठेवायचं. मी म्हणेन, सांगताना ती एका ओळीत टिपूनही ठेवावी, म्हणजे विसरण्याची भीती राहत नाही. संध्याकाळी यादी घेऊन बसलं, की त्यातल्या बऱ्याच काळज्या तोवर शिळ्या झालेल्या असतात. उरतात त्यांच्यावर काही करता येतं का, ते पाहता येतं.

एक गोष्ट मात्र ठासून सांगतो. ‘हा पॅनिक आहे’ हे निदान वहीने करायचं नाही, डॉक्टरांनी करायचं. असा त्रास पहिल्यांदाच होत असेल, तर आधी तपासणी हवी. थायरॉइड, रक्त कमी असणं, साखर उतरणं, ठोक्यांच्या लयीतला दोष, यांत हीच लक्षणं दिसू शकतात. छातीत दाबल्यासारखं दुखून ते हातात, जबड्यात किंवा पाठीत जात असेल, श्रमाने वाढत असेल, खरोखर शुद्ध हरपली असेल, तर लिहीत बसू नये. १०८ला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. मधुमेह असणाऱ्यांत आणि स्त्रियांत हृदयविकाराची लक्षणं पुष्कळदा नेहमीसारखी नसतात, हेही ध्यानात ठेवावं. ज्यांना पॅनिकचा जुना त्रास आहे, त्यांनीही आजचं दुखणं वेगळं वाटलं, तर तपासून घ्यावं.

तपासणीत हृदय ठीक निघालं, की काम संपलं असं नाही, तिथून ते सुरू होतं. थेरपी आणि औषधं, दोन्हींचा या विकारात चांगला उपयोग होतो. औषधांचा गुण यायला काही आठवडे लागतात, आणि सुरुवातीला कधी थोडी बेचैनी वाढते. ते आधी माहीत असलं, तर माणूस आठवड्यात औषध सोडत नाही. चालू औषध मनाने बंद करू नये, आणि तात्पुरती शांत करणारी गोळी मनाने वाढवू नये. तरीही आपल्याकडे उपचार सगळ्यांपर्यंत पोहोचत नाहीत. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वेगवेगळ्या मानसिक आजारांचे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचाराविना असल्याचं आढळलं. २०२२च्या ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारने टेली-मानस ही दूरध्वनी सेवा सुरू केली. १४४१६ या क्रमांकावर ती मोफत आणि दिवसरात्र मिळते, मराठीतूनही बोलता येतं. जगणं नकोसं वाटण्याचे विचार येत असतील, तर ते वहीत ठेवू नयेत. जवळच्या माणसाला सांगावेत आणि याच क्रमांकावर लगेच बोलावं.

घरच्यांसाठीही दोन शब्द. ‘हे सगळे मनाचे खेळ आहेत’ असं म्हणू नये. धडधड खरी असते, घाम खरा असतो. शेजारी शांत बसावं, ‘ओसरेल, मी आहे’ एवढं म्हणावं. वही परीक्षेच्या पेपरासारखी तपासू नये. ती ज्याची त्याने दाखवली तर पाहावी. दवाखान्यात जाताना मात्र ती आठवणीने बरोबर न्यावी. सरकारी दवाखान्याच्या गर्दीत डॉक्टरांना पाच मिनिटं मिळतात. ‘खूप त्रास होतो हो’ या वाक्याने ती संपतात, आणि महिन्याच्या नोंदींच्या दोन पानांनी ती सार्थकी लागतात.

आणि वही पूर्ण भरलीच पाहिजे, असं मुळीच नाही. काही दिवसांनी लिहायचं राहून जातं, मग आठवडाभर आठवणच होत नाही. तसं झालं, तर आपण आळशी झालो असं समजू नका. उरलेल्या पानांवर खुशाल वाण्याची यादी लिहा.